रेंजचं वळण

धडगावहून आमच्या शाळेच्या पाड्याकडे जाणारी जीप वाटेत एका वळणावर थांबते. तिथे घर नाही, दुकान नाही, थांब्याची पाटीही नाही. डोंगराची एक सोंड दरीत पुढे आलेली आहे आणि तिच्यावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज मिळते. वळणाच्या अलीकडे बराच वेळ नाही, पलीकडे तर नाहीच. म्हणून जाता-येता ड्रायव्हर तिथे इंजिन बंद करतो, माणसं उतरतात आणि फोन हातात धरून दरीकडे तोंड करून उभी राहतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे एखादं देवस्थान असावं.

जीपमधल्या बऱ्याच जणांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. त्यामुळे निरोप आवाजाचे असतात आणि ते स्पीकरवरच वाजतात. कोणाचा मुलगा ऊसतोडीहून बोलतो, कोणाची बहीण मोलगीच्या बाजारात भेटायचं ठरवते, कोणी रुसलेल्या बायकोची समजूत घालतो. सगळे सगळ्यांचं ऐकतात. मग जीप सुरू होते आणि त्यातल्या एका शब्दाचाही उल्लेख कोणी करत नाही. वळणावर ऐकलेलं वळणावरच सोडायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. मी नुसती बघत होते.

बघणं मला जमतं. बोलणं जमत नाही. माझं गाव तापीकाठी, प्रकाशा या तीर्थाच्या गावाजवळ. घर गुजर शेतकऱ्यांचं, त्यामुळे घरात गुजरातीच्या जवळची गुजरी बोलतात. बाजारात अहिराणी. शाळा मात्र शहाद्याची, इंग्रजी माध्यमाची, आणि मराठी हा तिथे एक विषय होता. एका संस्थेने मला वर्षभरासाठी पाड्यावरच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला मदत म्हणून पाठवलं. राहायला मी धडगावात होते, रोज याच जीपने जायचे-यायचे. वर्गातली सगळी मुलं पावरी बोलणारी. मी त्यांच्यासमोर पुस्तकातली मराठी बोलायचे, जी माझीही नव्हती आणि त्यांचीही नव्हती.

मुलं माझ्याशी बोलत नव्हती. दंगा नाही, त्रास नाही, काही नाही. सांगितलं की ओळीत बसायची, पाटी काढायची, आणि मी प्रश्न विचारला की माझ्या मागच्या भिंतीकडे बघायची. दाराजवळ बसणारी एक मुलगी तर शाळेत येताना उतारावरून मोठ्याने गात यायची. मी तिचं गाणं रोज लांबून ऐकायचे. उंबरा ओलांडला की ओठ बंद.

पप्पांनी शहाद्याच्या एका इंग्रजी शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. दिवाळीनंतर तिथे जागा होणार होती. आई फोनवर विचारायची, "मग काय सांगू पप्पांना?" मी "बघते" म्हणायचे. मनात मात्र मी ठरवून टाकलं होतं. दिवाळीपर्यंत वर्ग माझ्याशी बोलला तर राहायचं, नाहीतर गुपचूप परत जायचं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

त्या काळात माझा सगळा आधार म्हणजे फोनमधला एक ग्रुप होता. कुठल्यातरी व्हिडिओखाली दुवा दिसला म्हणून मी त्यात शिरले होते. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा मुलांना शिकवणारे शिक्षक त्यात होते. काही आपल्या राज्यातले, काही शेजारच्या राज्यांतले. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, जंगलातल्या शाळेत शिकवणारी एक मॅडम वर्गातले फोटो टाकायची: बियांचे आकडे, मातीत काढलेली नदी. नर्मदेपलीकडे, छोटा उदेपूरकडे शिकवणारे एक गुरुजी होते. ते मोडक्या हिंदीत लिहायचे आणि आपल्या फसलेल्या तासांबद्दल इतक्या आनंदाने लिहायचे की मला आश्चर्य वाटायचं. कोणी अडचण मांडली की कुठून कुठून उत्तरं यायची. मी सगळं वाचायचे. वळणावर संदेश उतरवून घ्यायचे आणि दुपारच्या सुट्टीत शाळेमागच्या महूच्या झाडाखाली बसून पुन्हा वाचायचे. लिहिलं मात्र कधी नाही. इंग्रजीत टाइप करायचे, मग मराठीत, मग पुसून टाकायचे. ड्रायव्हरच्या हे लक्षात आलं होतं.

"मॅडम, लिखतस आनि पुसतस. बोलानं बिल लागस का?"

मागे बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

दिवाळी जवळ आली तशी एका दुपारी महूखाली मला फार एकटं वाटलं. रेंज नव्हतीच, पण तिथे बोलून ठेवलेला निरोप फोनमध्ये थांबून राहतो आणि वळण आलं की आपोआप जातो, हे मला माहीत होतं. मी आईसाठी बोलायला लागले, गुजरीत. मुलं बोलत नाहीत हे सांगितलं. दारातल्या मुलीचं गाणं सांगितलं. आणि म्हटलं, आई, तुला आठवतं का, इंग्रजी शाळेत घातल्यावर मीही कितीतरी महिने बोलले नव्हते. तू रोज विचारायचीस आणि मी दप्तराचा पट्टा चावत बसायचे. ती मुलगी दिसली की मला माझाच पट्टा दिसतो. मला तिच्यासाठी काही करता येत नाही. पप्पांना हो म्हणून सांग, मी येते. बोलताना शेवटी मी थोडी रडले आणि मग, का कोण जाणे, हसलेही. फोन पिशवीत टाकला आणि वर्गात गेले.

त्याआधी मी ग्रुपच वाचत होते. पान ग्रुपचंच उघडं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

परतीच्या वळणावर निरोप गेला. मी फोन बाहेरही काढला नाही, आईचं उत्तर इतक्यात नको होतं. त्या संध्याकाळी धडगावात लाइट गेली आणि तिथला टॉवरही सकाळपर्यंत बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप वळणावर थांबली आणि माझा फोन थरथरायला लागला. थांबेचना.

"मॅडम, आज तुम्हना फोन थांबी नई ऱ्हायना," ड्रायव्हर म्हणाला.

मी पाहिलं. माझा आवाज, माझं रडणं, घरातली गोष्ट, सगळं त्या अनोळखी माणसांच्या मध्ये पडलेलं होतं. पुसायची वेळ केव्हाच गेली होती. बऱ्याच जणांनी ऐकलं होतं.

त्याखाली पहिला संदेश छोटा उदेपूरच्या गुरुजींचा होता. त्यांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत लिहिलं होतं, "ताईंचा हा निरोप चुकून इथे आलेला दिसतो. घरच्या माणसासाठी आहे. मी गुजराती आहे, मला तो बराचसा समजला. पण ताई स्वतः म्हणाल्या तरच सांगेन. तोपर्यंत कृपा करून कोणी विचारू नये."

आणि खरंच कोणी विचारलं नव्हतं. एवढ्या माणसांपैकी एकानेही नाही. मी त्या सोंडेवर उभी राहून तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, ज्यांना माझं नावही नीट माहीत नव्हतं, त्या माणसांनी माझी गोष्ट ऐकली होती आणि ती जिथल्या तिथे ठेवली होती. अगदी या जीपमधल्या माणसांसारखी. म्हणजे ही रीत या वळणापुरती नव्हती. ती नर्मदेपलीकडेही होती, पूर्वेच्या जंगलातही होती, आणि हे सगळं माझ्या तळहातावर आलं होतं.

शेवटी पूर्वेच्या मॅडमचा संदेश होता. "मला शब्द कळले नाहीत, ते विचारतही नाही. फक्त एक सांगा. हा आवाज तुमच्या मुलांनी कधी ऐकलाय का?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी गुरुजींच्या संदेशाखाली ग्रुपवरचा माझा पहिला शब्द लिहिला, "सांगा." मग जीप वळणाच्या पलीकडे उतरली आणि रेंज गेली.

दिवसभर आता कोणाला विचारायची सोय नव्हती. मी वर्गात गेले. मुलं ओळीत बसली, भिंतीकडे बघू लागली. पुस्तक उघडायच्या ऐवजी मी खाली जमिनीवर बसले आणि गुजरीत बोलायला सुरुवात केली. आमच्या म्हशीबद्दल. ती केळीच्या बागेत घुसली, पप्पा तिच्यामागे पळाले, आई पप्पांवर ओरडत राहिली आणि म्हैस आरामात पानं खात राहिली, असं सगळं. मी ते आईला सांगावं तसं सांगत होते. हात हलत होते, आवाज चढत होता. मुलं पहिल्यांदा भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. मॅडमला काय झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी थांबले.

मग दारातल्या मुलीने डोक्याला दोन्ही हात लावून शिंगं केली आणि पावरीत काहीतरी म्हणाली. विचारल्यासारखं. मी मान हलवली. ती पुन्हा बोलली, या वेळी लांबलचक, आणि हाताने कोणाला तरी हाकललं. शेजारचा मुलगा तिच्यावर ओरडला, बहुतेक तिचं चुकतंय म्हणून. तिसऱ्याने उठून स्वतःच म्हैस होऊन दाखवली. पप्पांचं पळणंही त्यांनी करून दाखवलं आणि ते इतकं हुबेहूब होतं की मी हसत सुटले. नंतर त्यांच्या बैलांच्या, शेळ्यांच्या, कोंबड्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. मला जेमतेम निम्मं कळत होतं. ज्या वर्गात पाटीवरची पेन्सिल ऐकू यायची तिथे गप्प बसा म्हणायची वेळ आली, आणि मी ते म्हटलं नाही.

मला वाटतं, मॅडमचीही घरची एक वेगळी भाषा आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत त्यांच्या दृष्टीने मी पुस्तकातूनच आले असणार.

परतताना वळणावर उत्तरांचा ढीग होता. गुरुजींनी माझं बोलणं थोडक्यात सांगितलं होतं, आणि माझं रडणं वगळलं होतं. कोणी लिहिलं होतं की त्यांचाही वर्ग गप्प होता. कोणी लिहिलं होतं की ते स्वतः गप्प होते. मी त्यांना म्हशीची हकीकत लिहिली, न पुसता. पूर्वेच्या मॅडमने सुचवलं की मुलांना विचारून त्यांचा आवाज पाठवा, आमची मुलं ऐकतील. दुसऱ्या दिवशी मुलांनी फोनभोवती गर्दी करून आपल्या बैलांची हकीकत पावरीत सांगितली. दारातल्या मुलीने तिचं उतारावरचं गाणं म्हटलं, वर्गाच्या आत, डोळे मिटून.

उत्तर आलं ते मी एकटी ऐकणार होते. पण वळणावर स्पीकर लावायची रीतच आहे, आणि आता मला तो बंद ठेवणं चोरून खाल्ल्यासारखं वाटलं. मी आवाज वाढवला. आधी पूर्वेच्या जंगलातली मुलं बोलली. त्यातलं आम्हाला काही कळलं नाही, फक्त शेवटी एक कोंबडा आरवला आणि जीपमधल्या बायका हसल्या. मग छोटा उदेपूरची मुलं बोलायला लागली. माझ्या शेजारी मोलगीच्या बाजारातून आलेले एक आजोबा टोपली घेऊन उभे होते. ते हळूहळू माझ्या फोनकडे वळले. टोपली खाली ठेवली.

"हे आपले लोक आहेत," ते मराठीत म्हणाले, माझ्यासाठी. "थोडं वेगळं बोलतात. कुठे आहेत?"

मी दरीकडे, उत्तरेला बोट दाखवलं. "नर्मदेच्या पलीकडे, बाबा."

ते तिकडे बघत राहिले. निळ्या डोंगरांच्या रांगा एकीमागे एक होत्या. तिकडून एक मूल तुमच्या बैलाचं नाव काय, असं विचारत होतं, आणि आजोबा आम्हाला ते समजावून सांगत होते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं नाही. कोणी घाईही केली नाही. माझ्या हातातल्या एवढ्याशा वस्तूत केवढी माणसं राहत होती. मी शाळेत नकाशे पाठ केले होते. त्यात हे कुठे नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी महूखाली बसून आईसाठी पुन्हा निरोप बोलले. या वेळी पान आईचंच आहे, हे नीट बघून घेतलं. उतारावरून गात येणारी मुलगी आता वर्गातही गाते, हे सांगितलं. पप्पांना नाही म्हणून सांग, मी वर्ष पूर्ण करणार आहे. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला, त्याबद्दल मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन.

वळणावर निरोप गेला. आईचं उत्तर तिथेच आलं, जीप निघण्याआधी. मी ते स्पीकरवर लावलं. आई गुजरीत बरंच काही बोलली. पप्पा आज जेवणार नाहीत, पण उद्या जेवतील. केळीला पाणी द्यायचंय. फराळाचं किती करू, त्या तुझ्या पोरांसाठी वेगळं बांधून देते. गाणाऱ्या मुलीला काय आवडतं?

जीपमध्ये बसल्यावर नेहमीप्रमाणे सगळे गप्प होते. वळणावर ऐकलेलं वळणावर राहिलं होतं. ड्रायव्हरला मात्र राहवलं नाही. त्याने आरशातून पाहिलं.

"काय म्हने माय तुम्हनी? आम्हले ते काही समजनं नई."

मी खिडकीबाहेर बघितलं, सवयीने. मग पुढे सरकून बसले आणि धडगाव येईपर्यंत सगळ्या जीपला सांगत राहिले.