येतो म्हणायचं

आमचे हे शिलाईच्या कारखान्यात गणवेशांना बाह्या लावतात. या परक्या शहरात आलो तेव्हा यांना इथे कुत्रंही विचारत नव्हतं, आणि सुट्टीचा अख्खा दिवस हे घुम्यासारखे पलंगावर लोळून काढत. मग एकदा बसथांब्यावर एक फरशीवाला भेटला, नकाशा उलटा धरून उभा. तोही परदेशीच, पण आपल्याकडचा नव्हे. ताडमाड उंच, म्हणून यांनी त्याचं नाव ठेवलं लांब्या. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना आणि शहर दोघांनाही कळेना, पण सूत असं जमलं की विचारू नका. दर सुट्टीला मिळेल ती बस धरायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि चुकत चुकत पायी परत यायचं. मी म्हणायचे, "बायकोला बाजारात न्यायचं तर पाय दुखतात, आणि लांब्याबरोबर गाव पालथं घालता."

फिरता फिरता लांब्या मोडकंतोडकं मराठी शिकला. चल, थांब, रस्ता. एकदा आमच्या दारातून निघताना तो "जातो" म्हणाला. यांना कुणाचं चुकलेलं खपत नाही. "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. परत यायचंय ना?" यांनी हातवारे करून समजावलं. लांब्याला ते इतकं आवडलं, की जिना उतरेपर्यंत त्याचं "येतो, येतो" चाललं होतं.

परवाच्या सुट्टीला दोघं बागेपाशी बाकावर बसले होते. तेवढ्यात यांच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांची गाडी थांबली. मास्तर आपलीच भाषा बोलणारे, आणि सुपरवायझरची रिकामी जागा त्यांच्या हातात. यांचा तिच्यावर कधीपासून डोळा. मास्तरांनी लांब्याचे सिमेंटने माखलेले बूट पाहिले.

"हा कोण?"

"कोणी नाही, रस्ता विचारत होता," हे म्हणाले.

मास्तरांनी घरी चहाला बोलावलं. यांनी लांब्याला, त्याच्याकडे न बघताच, "येतो" म्हटलं आणि गाडीत बसले.

संध्याकाळी घरी आले ते मान खाली घालून. वाढलेलं ताट सरकवलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"अहो, येतो म्हणालात ना त्याला? तो बसला असेल तिथेच."

"इतका वेळ कशाला बसेल?" म्हणाले खरे, पण माझ्या आधी चपला घालून जिना उतरले.

लांब्या त्याच बाकावर होता. दुसरं कोणी बसू नये म्हणून यांच्या जागेवर पिशवी ठेवलेली. आम्हाला बघून त्याने ती उचलली.

"आलास," एवढंच म्हणाला. मग गाडी गेली त्या दिशेला बोट करून सावकाश बोलला, "कोणी नाही. रस्ता."

त्याला सगळं कळलं होतं. कळूनही बसला होता. हे मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि माझीही मान वर होईना.

लांब्याने पिशवी खांद्याला लावली. "जातो," म्हणाला, एकेक अक्षर नीट उच्चारून.

यांनी सवयीने तोंड उघडलं. पण सुधारायला ती चूक नव्हतीच.