काटेकाकांचं हलकं जॅकेट

काटेकाका एक वेळ पाकीट घरी विसरायचे, पण सामान तोलायचा काटा कधी विसरायचे नाहीत. वर पट्टा आणि खाली हुक असलेला तो छोटा काटा इथे इंग्लंडात आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असतो. भारतात जाताना बॅगा तोलायला तो कपाटातून निघतो आणि परत कपाटात जातो. काकांचा मात्र दर शनिवारी दुकानात निघायचा. हँगरवरचं जॅकेट काढून ते हुकाला अडकवायचे, हात लांब धरून आकडा वाचायचे आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "चारशे दहा! अन् लेबलवर तीनशे साठ लिहून राहिले." दुकानातली मुलगी आमच्याकडे बघायची, मी मोज्यांच्या रॅककडे बघायचो. आडनाव मेश्राम, पण रीडिंग शहरातल्या मराठी मंडळींत त्यांना त्या नावाने कुणी ओळखत नव्हतं.

मूळचे नागपूरचे. ऐन तरुणपणी कॉव्हेंट्रीला आले आणि निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या भट्टीपाशी राबले. "पगार घरी आणला, फुप्फुसं तिथंच ठेवून आलो," असं ते हसत सांगायचे आणि हसता हसता खोकायचे. काकू गेल्यावर कॉव्हेंट्रीचं घर विकलं. मुलगी लंडनमध्ये, पिनरला राहायची. तिच्याजवळ राहायचं पण तिच्यात राहायचं नाही, असा हिशेब करून त्यांनी रीडिंगला माझ्या खालचा फ्लॅट घेतला, आणि माझे शनिवार संपले.

कारण काकांना जॅकेट हवं होतं. दर डिसेंबरात काका-काकू वेल्समधल्या एका डोंगरावर जायचे. माथ्यावर दगडांचा ढीग होता, त्याला काकू हात लावायची, मग डबा उघडायचा. काकू गेल्यापासून काका तिथे गेले नव्हते. आता त्यांना एकदा, शेवटचं, माथ्यापर्यंत जायचं होतं. पाठीवर जितकं ओझं कमी तितकं बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यामुळे थंडीला पुरेल आणि तरी अंगावर जाणवणार नाही अशा जॅकेटचा शोध सुरू झाला, आणि काकांना गाडी चालवता येत नसल्यामुळे त्या शोधात मी ओढला गेलो.

मी तेव्हा फार थकलेला होतो, हे सांगायलाच हवं. ऑफिसात कपात झाली होती. माणसं निम्मी झाली होती आणि काम होतं तेवढंच होतं. शनिवारी दुपारपर्यंत झोपावं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती. बरोबर नऊ वाजता खालून फोन यायचा, "उठला का बे? चहा टाकला."

जॅकेटच्या बाबतीत काकांची मतं ठाम होती. पिसांचं जॅकेट त्यांना चालायचं नाही. "पिसं लडाखात ठीक. इथं धुकंच भिजवते. भिजलं की त्याची चिंधी होते," म्हणून कृत्रिम भरणाचंच हवं. आपली माणसं एक साइझ मोठं घेतात, आत स्वेटर मावला पाहिजे म्हणून, त्यावर त्यांचा विशेष राग. "आत मोकळी हवा राहिली तर ती कोण गरम करणार, तुझा बाप?" मी माझं असंच ढगळ जॅकेट घालून त्यांच्यासमोर उभा असायचो. चालायला लागण्याआधी जॅकेट उतरवायचं आणि थांबल्यावर चढवायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. आमच्या मंडळींच्या सहलीत कार पार्कमध्येच गळ्यापर्यंत चेन ओढणाऱ्यांना ते उभ्या उभ्या झापायचे, आणि तासाभराने घामाने भिजून कुडकुडणाऱ्या त्याच माणसांना स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजायचे.

त्या एका शरद ऋतूत आम्ही किती दुकानं पालथी घातली ते आठवत नाही. एकाची टोपी लहान, दुसऱ्याचा खिसा सॅकच्या पट्ट्याखाली दबतो, तिसऱ्याची चेन हातमोज्याने धरता येत नाही. प्रत्येकात काहीतरी निघायचंच. एका दुकानात एक वृद्ध गोरा जॅकेटची बाही कानाशी धरून चोळत होता. काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, हरणांच्या मागावर जातो, कापडाचा आवाज झाला की हरीण पळतं. तासन् तास गवतात पडून राहायचं असतं, म्हणून त्याला बिनआवाजाचं आणि जास्त भरणाचं हवं होतं. काकांनाही त्याने तेच सुचवलं. हलकी जॅकेटं चालणाऱ्यांसाठी, म्हणाला, बसून राहणाऱ्याने जाड घ्यावं. काकांचा चेहरा एकदम पडला. "मी चालणाराच आहे," ते त्याला इंग्रजीत म्हणाले, आणि ते जाड जॅकेट त्यांनी काट्याला लावलंसुद्धा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी माझा तोल सुटला. काका एक जॅकेट तिसऱ्यांदा तोलत होते. मी म्हणालो, "काका, पन्नास ग्रॅमने काय होणार आहे? जिना चढताना तुम्ही दोनदा थांबता. प्रश्न जॅकेटचा नाहीये, तुमच्या दमाचा आहे." बोलून गेलो आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी जॅकेट हुकातून काढलं, नीट घडी केली. "मले माहीत नाही काय? पण दम काही दुकानात मिळत नाही बाबू. जॅकेट मिळते," ते म्हणाले. मग त्यांनी तेच विकत घेतलं. तीनशे चाळीस ग्रॅम, मुठीत मावेल एवढं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही वेल्सला गेलो. सकाळ स्वच्छ होती. काका पंधरा पावलं चालायचे, थांबायचे, श्वासाचा पंप ओढायचे, पुन्हा पंधरा. त्यांनी तक्रार केली नाही की घाई केली नाही. अर्ध्या वाटेवर एक लाकडी फाटक लागलं. त्यापुढे चढ उभा होता. काका फाटकाला टेकले, बराच वेळ वर बघत राहिले आणि मग शेजारच्या दगडावर बसले.

"झालं माझं," ते म्हणाले. "तू जा. ढिगाला हात लावून ये काकूच्या नावानं. मी बसतो इथं."

मी निघालो. वळणापलीकडे गेलो आणि वर पाहिलं. माथा अजून तासाभरावर होता आणि त्याच्यावर ढग उतरायला लागला होता. आठवडाभराची झोप डोळ्यांत होती. काकांना एवढा वेळ एकटं ठेवायला नको, असं मी स्वतःला समजावलं, पण तेवढंच खरं कारण असतं तर मी लगेच मागे फिरलो असतो. मी फिरलो नाही. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलो, हात खिशात खुपसले आणि वर जाऊन आल्यासारखं वाटेल इतका वेळ जाऊ दिला. डोळाही लागला असावा.

परत आलो तेव्हा काका कुडकुडत होते. ते हलकं जॅकेट चालणाऱ्यासाठी होतं आणि काका दीड तास एका जागी बसून होते. ओठ निळसर झाले होते. मी माझं जॅकेट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"लावला हात?"

"लावला."

"दगड थंड असतील."

"हो. खूप."

त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात बर्फासारखे होते. माझा खिशातून नुकताच निघालेला, उबदार. काकांनी तो तसाच धरून ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही. मग थर्मासचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "चहा घे. दमला असशील."

परतीच्या वाटेवर ते गाडीत झोपले. महिन्याभराने मुलगी त्यांना पिनरला घेऊन गेली आणि मार्चमध्ये काका गेले. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं. मी दर आठवड्याला ठरवायचो आणि दर आठवड्याला थकलेला असायचो.

अंत्यविधीला रीडिंगची आणि कॉव्हेंट्रीची मंडळी जमली होती. बुद्धवंदना झाल्यावर काकांची मुलगी माझ्यापाशी आली. तिचा जन्म इथलाच, मराठी अडखळत बोलते. "थँक यू," ती म्हणाली. "बाबा हॉस्पिटलमध्ये सगळ्या नर्सेसना सांगायचे. की तुम्ही टॉपपर्यंत गेला होता आणि आईच्यासाठी स्टोन्सला हात लावला. ते सांगताना फार हॅपी व्हायचे." तिने माझा हात हातात घेतला.

काकांनी माझं खोटं तिथेच, फाटकापाशी ओळखलं होतं, आणि तरी शेवटपर्यंत खरं म्हणून सांभाळलं होतं.

मी तिला "हो" म्हणालो.