ताप येणार, हे आधीच सांगितलं

कोंडाण्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. साठच्या दशकात मी तिथल्या शाळेत शिकवत होते... नवीन लग्न, नवीन नोकरी आणि कॉलेजात वक्तृत्वाचे कप मिळवल्याची थोडी घमेंड.

होळीच्या सुमाराला जवळच्या गावात देवीची साथ आली. मुलं दगावल्याच्या बातम्या येत होत्या.

देवी टोचायला राणे नावाचे गृहस्थ यायचे. पायी वाड्या-वाड्या फिरणारा, कामसू माणूस. वाडीने त्यांना दारातूनच परत पाठवलं. देवी येणं म्हणजे देवीआईचा फेरा, तिच्यापुढे सुई काढायची नाही, असं सगळ्यांचं म्हणणं.

राणे शाळेत येऊन बसले. म्हणाले, "बाई, इथे तुमचं ऐकतात. सांगून टाका, आई स्वप्नात आली आणि टोचून घ्या म्हणाली. उद्या रांग लागेल."

रांग लागली असती. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे मला चांगलं येत होतं... आणि कारणही वाईट नव्हतं.

तरी मन घेईना. या बायका मुलांना विश्वासाने माझ्याकडे पाठवत होत्या. त्यांच्या भीतीचाच उपयोग करून त्यांना हवं तिकडे वळवायचं, म्हणजे फसवणंच की. मी नाही म्हटलं. राणे चिडले. "आणि एखादं पोर गेलं तर?"



मी त्यांना विचारलं, टोचल्यावर नेमकं काय होतं? ते म्हणाले, फोड येतो, पिकतो, आठवड्याभराने ताप येतो, पोर किरकिर करतं. "पण हे बोलू नका हं. एक बाई येणार नाही."

संध्याकाळी देवळासमोर बायका जमल्या. मी हेच सगळं सांगितलं, वर्गात सांगते तशा आवाजात. आधी स्वतःचा दंड पुढे करून त्यांच्यादेखत राण्यांकडून टोचून घेतलं.

अनसूयाकाकू पुढेच बसल्या होत्या. वाडीत त्यांच्या शब्दाला वजन. सून बाळंतपणात गेलेली, तिचं तान्हं पोर त्याच वाढवत होत्या.

"बाई, ताप येनार म्हंता, मंग टोचायचं कशाला?"

"हा ताप उतरतो, काकू. देवी आल्या तर पोर हाती लागेल याचा भरवसा नाही."

"आन आई कोपली तर?"

"आईच्या मनातलं मला माहीत नाही. सुईचं जेवढं माहीत आहे, तेवढं सांगते."

काकूंनी माझा टोचलेला दंड निरखून पाहिला. मग मांडीवरच्या पोराची बाही वर सारली. "टोचा. पन ताप आला की तुमी माज्या घरात येऊन बसायचं."

मी हो म्हटलं. त्यांच्यामागून बाकीच्याही उठल्या.

ताप आला... घरोघर आला. मी ठरल्याप्रमाणे काकूंकडे जाऊन बसले. पोराच्या अंगाला हात लावला आणि खरं सांगते, मी घाबरले. काकू मात्र शांतपणे फडकं पिळत होत्या. "तुमी सांगितलं व्हतं ना, येनार म्हनून. मंग?" एवढंच म्हणाल्या.

नदीपलीकडच्या वाडीत राण्यांनी 'काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं' असं म्हणून काम सुरू केलं होतं. ताप तिथेही आलाच. पोरांना काहीतरी भलतंच टोचलं म्हणून लोक त्यांच्या अंगावर धावून गेले. बरीच मुलं टोचायची राहिली.

राणे पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी स्वप्नाचं काही बोलले नाहीत, नुसतं 'तिकडे चला' म्हणाले. मी निघाले, तर काकू पोराला काखेला मारून बरोबर निघाल्या.

तिथे माझं वक्तृत्व काही कामाला आलं नाही. कोणी ऐकूनच घेईना. शेवटी काकूच पुढे झाल्या आणि पोराच्या दंडावरची खपली दाखवली.

"ताप येतो गं. लई येतो. माज्या पोरालाबी आला, उतरला. ज्यानं तुमाला नाय येत म्हनून सांगितलं त्यानं चूक केली. पन टोचून घ्या."

राणे तिथेच उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "खरं आहे."

एकेक दार उघडत गेलं. सगळी नाही उघडली... पण बरीच.

पुढे मी पुष्कळ भाषणं केली, टाळ्याही मिळाल्या. पण त्या संध्याकाळी देवळासमोरून बायका उठून निघून गेल्या असत्या, तर मी राण्यांचं ऐकून स्वप्नाची थाप मारली असती का? मला अजूनही सांगता येत नाही. काकूंनी सगळं ऐकून, विचार करून बाही वर सारली, म्हणून माझ्यावर ती वेळ आली नाही. त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.