नीतूसाठी सोपी वाट

साकोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा लिलाधर माणूस म्हणून वाईट नव्हता, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी म्हणणार नाही. तो गोडबोल्या होता, आणि गोड बोलूनच त्यानं बायकोचा पत्ता कापला.

दर थंडीत पाठीवर सॅक टाकून तो मित्रांबरोबर हिमाचलात जायचा. लग्नानंतर नीतूनं हट्ट धरला, मलाही न्या. ती कारध्याच्या मासेमाराची पोर. नाव वल्हवायला वाघीण, पण लांब चालायची सवय नाही. तिला नवऱ्याबरोबर बर्फ पाहायचा होता, बस. त्याला मात्र मित्रांच्या मैफलीत बायको नको होती. सरळ नाही म्हटलं तर आईनं झापलं असतं. म्हणून आईसमोरच म्हणाला, "आधी एक सोपा ट्रेक करू. तुले जमला, तं हिमाचल पक्कं."

ट्रेक ठरला त्याच्या मामाच्या गावापर्यंतचा. तिथवर नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठानं कोरडी, सावलीची वाट जाते. ती त्यानं सोडली. नुकतं धान कापलेल्या बांध्यांतून, भाताच्या खाचरांतून, जायचं ठरवलं. तिथं मुरलेल्या पाण्याचा चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नीतूला कुठून असणार? बूटही त्यानंच आणले, कोरे आणि घट्ट. "चालता चालता सैल होते," म्हणाला.

निम्म्या वाटेतच ती लंगडायला लागली. "अजी, किती दूर राह्यलं?"

"आलंच. सोपंच तं हाये."

तो मुद्दाम पुढे पुढे चालत राहिला. वळून पाहिलं तेव्हा ती बूट काढून चिखलात बसली होती, मोजे रक्तानं भरलेले. त्यानं आधी फोटो काढून मित्रांना पाठवला, मग मामेभाऊ भुपेंद्रला मोटारसायकल घेऊन बोलावलं.

घरी त्याची आई, सत्यभामाबाई, भडकली. "काहून रे, नहरानं काहून नाही नेलं?"

नीतूच बोलली, "त्यायनं तं सोपंच ठरवलं होतं, आई. माहेच पाय कामाचे नाही."

आई त्याच्याकडे पाहत राहिली. तो बुटाचा चिखल खरवडत बसला.

हिमाचलाची सॅक नीतूनंच भरून दिली. हौसेनं स्वतःसाठी घेतलेली लोकरीची कानटोपीही काढली. "मले आता काय कामाची? तुमाले थंडी लागंल."

लिलाधरनं ती डोक्यावर चढवली, आरशात पाहिलं.

"बरोबर बसली," म्हणाला.