दोन नवरींचं नलंगू

बाळाला झोळीत घातलं की एका हातानं झोळी हलवायची आणि दुसऱ्या हातात फोन, माझी दुपार अशीच जाते. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच, आमच्या तंजावरच्या मराठी घरांत अशी लग्नं होतात, त्यामुळे जिला मी लहानपणी तू म्हणायची तिला आता तुम्ही म्हणते, आणि घाबरते. दहावी काही झाली नाही माझी, पण व्हिडिओ कापायला मात्र आपलं आपण आलं.

संध्याकाळी एक तमिळ सीरियल लागते, त्यात दोन जावा आहेत, एक उंच आणि तिखट, दुसरी गोल चेहऱ्याची. भांडभांड भांडतात आणि मग अशा बघतात एकमेकींकडे की मला शाळेतली शेजारी बसणारी मैत्रीण आठवते, माझी वेणी उगाच सोडून पुन्हा घालायची ती. पण सीरियलवाले पुढे जाऊच देत नाहीत, लगेच कुणाचा तरी नवरा मधे येतो, नाहीतर साबणाची जाहिरात. म्हणून आम्ही काही पोरी, तोंड न दाखवता, खोट्या नावानं, त्यातले तुकडे कापून जोडतो आणि इंटरनेटवर टाकतो. नवरा काढायचा, साबण काढायचा, उरतात त्या दोघी.

सिनेमाचं गाणं लावलं की हक्काचं कारण सांगून ॲपवाले आवाज बंद करून टाकतात, म्हणून यावेळी मी स्वतःच गायले, आमच्या घरातलं नलंगूचं गाणं. नलंगू म्हणजे लग्नात नवरानवरी समोरासमोर बसून एकमेकांना हळद लावतात, नारळ लोटतात आणि बायका गाऊन चिडवतात ते. आमच्या मराठीत गायले, म्हटलं इथं कुणाला कळतंय, कुलूपच आहे ते. खाली किती पोरींनी लिहिलं! एकीनं लिहिलं, अक्का, मी आणि माझी ती, आम्ही बसमधे एकेक इयरफोन कानात घालून हेच बघतो, कधी काढू नका.

आणि परवा आत्या फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. नातलगांच्या ग्रुपवर कुणीतरी माझाच व्हिडिओ टाकलेला आणि सगळे नाचत होते, अरे आपली भाषा, आपलं गाणं, कोण गं ही गाणारी? आपली भाषा कुठं ऐकायलाच मिळत नाही ना, त्या भरात चित्रात कोण आहे ते कुणी नीट बघितलंच नव्हतं.

आत्यांनी मात्र बघितलं होतं.

"हे गाणं फक्त आपल्या घरात म्हणतात," त्या म्हणाल्या. "माझं माहेर तेच तुझं माहेर. आता मी तर गायले नाही."

वाटलं, फोन गेला, आता ह्यांना ऑफिसात फोन लावणार, मला आईकडे धाडणार, आणि त्या बसमधल्या पोरींचा व्हिडिओ जाणार. "आत्या, काढते, आत्ता काढते," म्हणत मी हात पुढे केला, तर त्यांनी फोन पाठीमागं धरला.

"थांब गं. ह्यात नवरा कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"त्या दोघीच, आत्या. दोघी नवऱ्या."

बाळ रडायला लागलं. आत्यांनी झोळीला एक झोका दिला आणि पुन्हा व्हिडिओ लावला, नाक अगदी फोनला टेकवून.

"सीरियलमधल्या त्या मेल्या नवऱ्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या. "बायको तापानं फणफणलीय आणि हा कॉफी मागतोय. खाली काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं, बसमधल्या पोरीचं पण.

"काढू नका म्हणतेय ती?"

"हो."

"मग कशाला काढतेस? पण दुसरं कडवं कुठं गेलं?"

"त्यात नवऱ्याला चिडवतात ना, इथं नवराच नाही, म्हणून..."

"म्हणून अर्धं सोडलंस? नलंगू अर्ध्यावर सोडतात? नवरीला बाधतं ते! ह्या दोघींचं पुढं काही वाईट झालं म्हणजे?" खरंच घाबरल्या होत्या त्या, सीरियलमधल्या बायांसाठी. "उंच आहे तिला चिडव. माजोरी आहेच ती."

"आत्या, तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय तर. सूर किती खाली लावलायस! सरक तिकडे, दाब बटण."

"ग्रुपवर सगळे तुमचा आवाज ओळखतील हो."

"ओळखू देत. विचारतील तेव्हा मी बघते."

पदर खोचून त्या झोळीशेजारी बसल्या, घसा साफ केला आणि वरच्या पट्टीत दुसरं कडवं सुरू केलं. मधेच थांबून मला म्हणाल्या, "ह्या ओळीला ती लाजते तो तुकडा घाल. हिरव्या साडीतला."