सोलापुरात फायटरची पिल्लं होतात!

सोलापूरची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेला रंग द्यायचा ठरला आणि सरांनी वर्गात विचारलं, "फायटर माशांची जोडी तीन आठवडे घरी कोण सांभाळेल?"

कुणी हात वर करेना... ही जोडी सरांनी मुंबईहून रेल्वेने, मांडीवर घेऊन आणलेली. मेली तर काय सांगायचं?

हात मी वर केला. का, ते आजही सांगता येत नाही.

"नुसते जिवंत ठेव," सर म्हणाले. "एकत्र सोडू नकोस, मारामारी करतात. आणि पिल्लांच्या नादी लागू नकोस. मी दोनदा करून पाहिलंय, सोलापुरात फायटरची पिल्लं होत नाहीत."

दोन बरण्या, मध्ये वर्तमानपत्राची घडी, कापडी पिशवी... अशी मी चालत घरी आले. आमची एकच खोली, वडील मिलमध्ये. आईने विचारलं, "खातात काय हे?" डासांच्या अळ्या, म्हटल्यावर मात्र ती खूश. "मग खाऊ देत की पोटभर!"

शेजारच्या घरात नरसक्का राहायची. तेलुगू विणकर बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली, दिवसभर हातमागावर चादरी विणणारी. नराचा तो लाल रंग बघून ती बरणीसमोरून हलेचना... "असलं सूत अजून रंगवलं न्हाय कुणी," म्हणाली.

चौथ्या दिवशी पाहते तर नराच्या बरणीत वर फेस. बुडबुड्याला बुडबुडा चिकटवून तो घरटं बांधत होता! लायब्ररीच्या पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. आता मला राहवेना.

सरांचं बोलणं आठवत होतं, तरी मी ठरवलं. नरसक्काने मातीचं एक मोठं पसरट कुंडं दिलं. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मी त्यात वीतभरच भरलं, फेसाला आधार म्हणून बदामाचं वाळकं पान टाकलं. आधी नराला सोडलं, त्याने नवं घरटं बांधल्यावर मादीला.

पहिला तासभर भयानक होता. तो तिच्या मागे धावत होता, तिच्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या. आई ओरडत होती, "काढ गं तिला, मरंल ती!" माझा हात दोनदा पाण्यापर्यंत गेला आणि परत आला...

दुपारी त्याने तिला अलगद वेढा घातला आणि खसखशीसारखी पांढरी अंडी खाली पडू लागली. नर झेपावून एकेक तोंडात घेऊ लागला. "खाल्ली की गं सगळी त्यानं!" आई कळवळली. पण तो वर गेला आणि एकेक अंडं फेसात ठेवू लागला. आई तिथेच खाली बसली... "बाप हाय की हा," एवढंच म्हणाली.

मादीला मी पेल्याने बाहेर काढलं. दोन दिवसांत फेसाखाली स्वल्पविरामांसारखी पिल्लं लोंबायला लागली. ती मोकळी पोहू लागल्यावर, आता तोच त्यांना खाईल म्हणून, नरालाही काढलं. कडबा भिजवून आंबवलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतात, त्यावर पिल्लांना पोसत होते. घरभर वास... वडील रोज विचारायचे, "कुठं काय मेलंय का?"

आणि मग खरंच मरायला लागली. थंडी लवकर आली होती. रोज सकाळी तळाशी दहा-बारा पिल्लं पडलेली दिसायची. मी पाणी बदललं, खाणं बदललं... काही उपयोग नाही. एका सकाळी कुंड्यापाशी बसून रडत होते, तर नरसक्का आली.

तिने पाण्यावर हात धरला, दाराकडे पाहिलं. "सुमन, अगं बाळंतिणीच्या खोलीत वारं येऊ देत्यात का?"

घरी जाऊन तिने नवी कोरी चादर आणली, कुंडं चहूबाजूंनी गुंडाळलं, वरूनही झाकलं. दुसऱ्या दिवशी तीनच मेली. तिसऱ्या दिवशी एकही नाही!

सुट्टी संपल्यावर जोडी घेऊन सरांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सरांचा चेहरा लाल झाला. "मी काय सांगितलं होतं?" ... मग पुढे झुकून, "किती जगलीत?"

"एकेचाळीस, सर."

सर तडक सायकल घेऊन आमच्या घरी. जमिनीवर बसून, भिंग लावून किती वेळ बघत राहिले... आणि मग लहान मुलासारखे हसले. या वयात पिल्लांचं पाण्यावरची हवा श्वासात घेणारं इंद्रिय तयार होत असतं, त्याला गार हवा सोसत नाही, हे त्यांनीच समजावलं. पुस्तकात ती ओळ होती. मी ती वाचून पुढे गेले होते.

"झाकायचं कुणाला सुचलं?" मी दारात उभ्या असलेल्या नरसक्काकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सर अख्खा वर्ग घेऊन आमच्या बोळात आले. वीस-बावीस पोरं-पोरी, दारात आई, बघायला सगळी गल्ली. सर बाजूला झाले आणि म्हणाले, "अक्का, तुम्हीच सांगा यांना." नरसक्का आधी लाजली... मग पदर खोचून अशी काही बोलली की पोरं वह्या काढून लिहायला लागली!

पुढे मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. डिग्री सरांमुळे मिळाली, पण वाचलेलं हात लावून बघायचं असतं, हे मला त्या हातमागावरच्या बाईने शिकवलं. नरसक्का, तुझे उपकार फिटायचे नाहीत गं...