फूल पडलंच नाही

तीन दिवस देवीच्या मुकुटावरचं फूल हललं नाही, आणि मी तिच्यावर खरोखर चिडले. आमच्या घरात काही अडलं की कौल लावायची पद्धत आहे. ओलं फूल मुकुटावर ठेवायचं. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. इकडे कानडी मुलखात आल्यावर जे. पी. नगरचं हे घरसुद्धा सासूबाईंनी कौल लावूनच घेतलं. पण माझा प्रश्न घराचा नव्हता, माणसाचा होता.

आमचं महिला भजनी मंडळ दर शुक्रवारी दुपारी जयनगरला बसतं. नागपूरहून नोकरीसाठी आलेली केतकी आठ महिने तिथे पेटी वाजवत होती. एकदा चहा पिताना तिनेच सांगितलं, की घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं आणि मोठी झाल्यावर ती बाई म्हणून जगू लागली. त्या संध्याकाळपासून मंडळाच्या ग्रुपवर आग लागली. कोणी तिचा जुना फोटो शोधून टाकला, त्यावर नको नको ते लिहिलं. तिची बाजू घेणाऱ्या मुलींनी, ती मंडळात नको म्हणणाऱ्यांना अडाणी म्हटलं. शेवटी ठरलं, शुक्रवारच्या सभेत मंडळाची प्रमुख म्हणून मी सांगेन ते दोन्हीकडच्यांनी ऐकायचं.

मला पळ काढायचा होता, हे कबूल करते. कारण विरोधात सर्वांत पुढे सुमतीअक्का होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्यानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला मी दारातच घुटमळत होते आणि बायका नजर चुकवत होत्या. अक्का करंडा घेऊन उठल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. दोघीतिघी तडक निघून गेल्या. "बरं, जाऊ देत त्यांना," अक्का म्हणाल्या. त्या बाईच्या विरुद्ध मी कोणत्या तोंडाने बोलणार होते?

सभेच्या दिवशी सकाळी मी कौलासाठी दुसरं फूल आणायला गेले. रोजची फुलवाली नव्हती. तिच्या जागी होसकोट्याहून आलेली कोणी म्हातारी गजरे ओवत बसली होती. एकच फूल कशाला, असं तिने विचारलं आणि मी, काय झालं कोण जाणे, मोडक्यातोडक्या कानडीत तिला सगळं सांगून बसले. तिची बोटं थांबली नाहीत.

"त्या मुलीचं देवीला विचारलंत," ती म्हणाली. "पण अम्मा, तुम्हाला भीती कशाची वाटते, ते सांगितलंत का?"

फूल तिने दिलंच नाही. आधीचं आहे ना अजून, म्हणाली.

घरी येऊन देवीसमोर बसले आणि पहिल्यांदा खरं बोलले. केतकीला घालवायचं नाही हे मला ठाऊक होतं. अक्का मला टाकतील याची भीती होती, पुन्हा दारात उभं राहण्याची भीती होती. मी खूप रडले. फूल हललं नाही, पण पायांत बळ आलं.

सभेच्या वेळी केतकी आपण होऊन बाहेर व्हरांड्यात पेटीपाशी बसली होती. आत एक तरुण आई म्हणाली, "काकू, माझी मुलगी इथे नाचाच्या तालमीला कपडे बदलते. मला भीती वाटते, आणि तसं म्हटलं की मी अडाणी." तिची भीती मला खोटी वाटली नाही. मी म्हटलं, "कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी बसवू आणि एका वेळी एकीनेच आत जाऊ. आणि अडाणी कोणी कोणाला म्हणायचं नाही. तो फोटोही ग्रुपवरून आजच काढून टाकायचा."

मग अक्का बोलल्या. "ही बायकांची जागा आपण भांडून मिळवली. आता बाई कोण, हेसुद्धा दुसऱ्यांनी ठरवायचं?"

मी अक्कांकडे वळले. "अक्का, त्या दिवशी सवाष्णींच्या जागेत मला कोणत्या नियमाने घेतलंत?"



"माझंच माझ्यावर उलटवतेस," अक्का म्हणाल्या.

"हो. केतकी राहील. तुम्हीही राहावं, एवढं मागते."

अक्का उठून बाहेर गेल्या. आम्ही सगळ्या दाराकडे बघत राहिलो. चपला घालून त्या केतकीपुढे उभ्या राहिल्या. पोरीने मान वर केली नाही.

"पुढच्या शुक्रवारी पट्टी स्वल्प खाली घे," अक्का म्हणाल्या. "काळी चारला माझा आवाज चिरकतो." आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

त्या माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. ते मला लागतं. ती फुलवाली पुन्हा दिसली नाही. मी तीनदा जाऊन आले. ती कोण होती याचा शोध आता सोडला आहे. हात जोडले की तिची बोटं आठवतात. सगळं देवीवर सोपवलं असं मी जन्मभर म्हणत आले, पण त्या दिवसापर्यंत तिच्यावर फक्त माझी कामं ढकलत होते. भीती तिच्या पायाशी ठेवली, तेव्हा कुठे काम माझ्या हातून झालं.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा फूल मुकुटावरच होतं, कडेने सुकलेलं. मी देवीला नमस्कार केला, ते माझ्या हाताने उचललं आणि एकोणीस वर्षांनी केसांत माळलं.